तळापासून मोजलेली उंची

९ जानेवारी

खाणीतल्या आरेखकाच्या नोकरीतून निवृत्त होऊन अकरा महिने झाले आणि आज कंपनीतून फोन आला. मॅनेजरसाहेब स्वतः बोलत होते. "मॅडम, जुन्या बोअरची पत्रकं संगणकात घालायची आहेत. अक्षर सुरेख आहे, पण त्यातल्या खुणा आमच्यापैकी कुणाला लागत नाहीत. तीन आठवडे येऊ शकाल का?"

अक्षर सुरेख आहे हे त्यांनी आधी सांगितलं, त्यामुळे मी लगेच हो म्हटलं. वयाच्या एकोणसाठाव्या वर्षीही मी एवढ्यावर विरघळते. मिशनच्या शाळेत सिस्टरांनी स्वच्छ वहीसाठी दिलेली चांदीची पिन अजून कपाटात आहे. रोज पाच ओळी लिहायची ही सवयही त्यांचीच.

खाण पांढऱ्या मातीची. कपबश्या, वॉश-बेसिन, फरश्या, सगळ्यांना ती लागते. पश्चिमेकडचा खड्डा आता संपत आला आहे. पूर्वेकडे जायचं की खाण बंद करायची, हे फेब्रुवारीअखेर ठरणार आहे, आणि त्यासाठी बाहेरून कुणी बाई येऊन जमिनीखालचं मॉडेल करणार आहे.

पूर्वेचं नाव घरात निघत नाही. चौतीस वर्षांपूर्वी दादा इथला भूवैज्ञानिक होता. पांढरी माती पूर्वेकडे तशीच पुढे जाते असं तो म्हणाला, चाचणीचा खड्डा खणला, आणि सांगितलेल्या खोलीवर निघाली पिवळी, लोखंड मिसळलेली माती. खड्डा तिथेच सोडला. दादाला ट्रकच्या वजनकाट्यावर बसवलं. निवृत्तीपर्यंत तो तिथेच होता. लोक त्याला 'पांढरेसाहेब' म्हणायचे, समोरासुद्धा. तो हसून 'बोला' म्हणायचा.

आता तो चौऱ्याहत्तरचा आहे. नजरेचा मधला भाग गेलाय, कडेकडेचं तेवढं दिसतं. ऐकूही हळूहळू कमी येतंय. ते पुरतं जायच्या आत कुणीतरी कागदावर लिहून म्हणावं की हा माणूस चुकला नव्हता, एवढंच मला हवं आहे. तसं कुणी का म्हणेल, ते मला माहीत नाही.

जेवताना त्याला सांगितलं. घास तसाच हातात धरून म्हणाला, "जा. पण धाकटे, वाचून दाखव आणि घरी ये. उकरत बसू नकोस."

१२ जानेवारी

माझी जुनी खोली. आरेखनाची टेबलं गेली, खिडकीखालचा तो उतरता फळाही गेला. भिंतीवर त्याच्या चार खिळ्यांची भोकं तेवढी उरली आहेत. त्यांच्याकडे बघत बसले, तेवढ्यात ती मॉडेलवाली बाई आली. पस्तिशीची असेल. पायात बूट, खांद्यावर पिशवी, कानाला फोन. फोनवर लेकीला गणितातली बेरीज समजावत होती. बेरीज संपल्यावर मला म्हणाली, "मावशी म्हटलं तर चालेल ना? मॅडम म्हटलं की मला परीक्षेला बसल्यासारखं वाटतं."

दिवसभर मी वाचत होते, ती टाइप करत होती. एकूण शहाऐंशी बोअर. प्रत्येक बोअर म्हणजे जमिनीत उतरलेलं एक नळीएवढं भोक, आणि त्यातून आलेल्या मातीची वरपासून खालपर्यंत नोंद. सगळ्यांच्या मधे जे काही आहे ते कुणीच पाहिलेलं नाही. तिच्या पडद्यावर ते शहाऐंशी बोअर ठिपक्यांच्या माळा होऊन काळोखात लोंबकळत होते.

घरी हे सांगितल्यावर दादानं तिचं नाव ठेवलं, 'ठिपकेबाई'. मग थोड्या वेळानं विचारलं, "फील्डबुकं मागितली का तिनं?" म्हणजे बोअरशेजारी बसून त्यानं लिहिलेल्या मूळ वह्या. म्हटलं, नाही, माझी पत्रकं आहेत की. "बरं आहे मग," म्हणाला आणि रेडिओ लावला.

१५ जानेवारी

तिनं आज पहिला अंदाज काढून पाहिला. रंगांची नुसती खिचडी झाली होती.

कारण तिनं सोपं करून सांगितलं. माझ्या पत्रकांत प्रत्येक नमुन्याची उंची समुद्रसपाटीपासून आहे. संगणक त्या उंचीप्रमाणे आडवे काप घेतो, पाव कापावा तसे, आणि एका कापात जे जवळजवळ असतील ते एकमेकांसारखे असणार असं धरतो. जवळच्या बोअरचं म्हणणं जास्त ऐकायचं, लांबच्याचं कमी. पण आमचा थर सपाट नाही. सकाळी अंथरुणावर चादर असते तसा आहे, इथे उंचावलेला, तिथे बसलेला. त्यामुळे एकाच कापात इथली पांढरी येते, तिथली पिवळी येते आणि पलीकडची वाळूही.

"एका मजल्यावर राहतात म्हणून एका घरातले समजायचं, असं झालंय हे," ती म्हणाली.

"मग काय करणार?"

"पत्ते बदलणार सगळ्यांचे."

१७ जानेवारी

आज जे पाहिलं ते नीट लिहून ठेवायचं आहे.

ती म्हणाली, समुद्र विसरायचा. प्रत्येक बोअरमध्ये आपल्या थराचा, म्हणजे पांढरी ज्याच्या पोटात आहे त्या सगळ्या गाळाचा, तळ म्हणजे शून्य आणि माथा म्हणजे एक. मधला प्रत्येक नमुना त्या दोहोंमध्ये जेवढ्यास तेवढा. थर दहा मीटर जाड असो की पाच, मधोमध असलेल्या नमुन्याची उंची अर्धीच. आडव्या दिशा तशाच ठेवायच्या, फक्त उभी बदलायची. अंदाज त्या नव्या जागी करायचा आणि मग सगळं उलटं फिरवून खऱ्या उंचीवर नेऊन ठेवायचं.

तिनं बटण दाबलं. पडद्यावरची ती चुरगळलेली चादर हलली. उंचवटे खाली बसले, खळगे वर आले, माळांमधले ठिपके आपापल्या जागा शोधत सरकले आणि काही क्षणांत सगळं शांत, सपाट झालं. पिवळ्याशेजारी पिवळा, करड्याशेजारी करडा, आठशे मीटर लांबपर्यंत.

"ही आता उंची नाही, मावशी," ती हळू आवाजात म्हणाली. "हा काळ आहे. इथे एक तळं होतं. ही एक रेघ म्हणजे त्या तळ्याच्या तळावर एका वेळी बसलेला गाळ. नंतर जमीन वाकली, दबली, काय काय झालं. पण गाळ बसला त्या दिवशी तो आडवाच बसला होता. मी फक्त तो दिवस परत आणलाय."

शाळेतल्या चॅपलमध्ये दुपारी कुणी नसताना मी कधी कधी जाऊन बसायची. लाकडाला मेणाचा वास आणि उंच खिडक्यांतून येणारा उजेड. आपण फार लहान आहोत आणि ते लहान असणं किती बरं आहे, असं तेव्हा वाटायचं. आज तसं वाटलं. पस्तीस वर्षं मी या खाणीच्या रेघा ओढल्या आणि त्यातली प्रत्येक रेघ म्हणजे कधीतरीच्या स्तब्ध पाण्याचा तळ होता, हे मला आज कळलं. मासे असतील का त्यात? तिला विचारलं. "असतील की. काठावर बेडूकही असतील," ती म्हणाली.

मग मी तिला थोड्या तोऱ्यात सांगितलं की हे मी हातानं केलेलं आहे. चाचणीच्या खड्ड्याच्या वेळी पूर्व-पश्चिम छेद मीच काढला होता. जमीन सुरीनं उभी कापली तर जशी दिसेल तसं चित्र. दोन टोकांचे बोअर मांडायचे, थराचा माथा आणि तळ जोडायचा, आणि मधल्या थरांसाठी डिव्हायडरनं सारखे भाग पाडायचे. "अगदी हेच," मी म्हटलं.

"भारी," ती म्हणाली. "संगणक नसताना."

१८ जानेवारी

दादाला तळ्याचं सांगितलं. डोळे मिटून ऐकत होता. "बेडूक," म्हणाला आणि किती तरी वेळ हसत राहिला. मग म्हणाला, "हुशार आहे ठिपकेबाई. सगळीकडे प्रमाणातच ताणते का?"

हो म्हटल्यावर त्यानं डोळे उघडले. मग, "फील्डबुकं मागितली का?"

हे त्यानं दुसऱ्यांदा विचारलं. त्यात त्याची काही चूक राहिली असेल आणि ती आता उघडी पडेल अशी भीती त्याला वाटत असावी. मला वाईट वाटलं. त्याला म्हटलं, ती फील्डबुकं कुठे आहेत ते मलाही आठवत नाही. हे खोटं आहे. ती ऑफिसातल्या माझ्याच खोलीतल्या लोखंडी कपाटात आहेत, खालच्या खणात.

२१ जानेवारी

काहीतरी बिनसलं आहे. थराचा माथा आणि तळ सपाट झाले, पण मधला पांढरा मात्र पूर्वेकडे जाताना उतरतोच आहे. जिन्याच्या कठड्यासारखा.

ठिपकेबाईनं एक परीक्षा घेतली. एक बोअर झाकायचा, बाकीच्यांवरून तिथे काय असेल ते संगणकाला ओळखायला सांगायचं, मग झाकण काढून पाहायचं. असं एकेका बोअरचं. पश्चिमेचे बरे आले. मधले अकरा, जे खड्ड्याच्या प्रकरणानंतर पाण्याच्या निचऱ्यासाठी म्हणून घेतले होते, ते सगळे चुकले. पूर्वेच्या दोन जुन्या बोअरचं तर काही बोलताच येत नाही. त्यांच्यात थर दहा मीटर भरला, पण मधली मऊ माती बोअरच्या पाण्यानं धुऊन गेली होती, नमुनाच हाती आला नाही.

"चुका झाल्याचं काही नाही," ती म्हणाली, "पण इकडे तिकडे व्हायला हव्यात. या सगळ्या एकाच बाजूला आहेत. म्हणजे जमीन काहीतरी सांगतेय आणि मी भलतंच ऐकतेय." मग माझ्याकडे वळली. "मावशी, तुमच्या पत्रकांत शेरे नाहीत. मूळ वह्या असतील ना कुठेतरी?"

मला जरा रागच आला. म्हटलं, माझ्या प्रती मूळ वह्यांपेक्षा स्वच्छ आहेत.

"म्हणूनच म्हणते," ती म्हणाली.

२३ जानेवारी

कपाट उघडलं. दादाची फील्डबुकं. चिखलाचे अंगठे, चहाचे डाग, घाईतलं तिरकं अक्षर. डावीकडे खोली, मग माती, मग रंग, आणि अगदी उजवीकडे शेऱ्याचा अरुंद रकाना.

पश्चिमेच्या पहिल्या बोअरला थराच्या माथ्याशी शेरा: 'वर गोटे. गोल. नदीचे.' दुसऱ्याला 'वर गोटे'. चौथ्याला 'गोटे, माथा खरवडलेला'. एकूण एकोणतीस बोअरना. पूर्वेच्या दोहोंना: 'गोटे नाहीत. माथा शाबूत.'

ठिपकेबाई माझ्या खांद्यावरून वाचत होती. तिनं श्वास सोडल्याचं ऐकू आलं. "नदी," ती म्हणाली. "तळं आटल्यावर पश्चिमेकडून नदी गेली आणि थराचा वरचा अर्धा भाग घेऊन गेली. तिथे थर पातळ नव्हताच, मावशी. तो कापलेला होता. आणि मी त्या उरलेल्या अर्ध्याला ताणून पूर्ण केलं."

मग तिनं सहज विचारलं, "हे पत्रकांत कसं नाही आलं?"

मला माहीत होतं. शेऱ्याचा रकाना ट्रेसिंगच्या कागदावर मावत नव्हता. समासात घुसायचा. पान गबाळं दिसायचं. म्हणून मी तो सोडला. शहाऐंशीच्या शहाऐंशी पत्रकांत सोडला. ते मी तिला सांगितलं. तिनं पाणी आणून दिलं.

२४ जानेवारी

छेद मी काढला होता. वहिनी तेव्हा दवाखान्यात शेवटच्या आजारात होती. दादा तिच्या पलंगाशी. छेद मी तिथे घेऊन गेले आणि त्यानं न पाहता सही केली. त्या छेदावरून खड्ड्याची खोली ठरली.

चौतीस वर्षं मी म्हणत आले की जमिनीनं दादाला दगा दिला.

२७ जानेवारी

कामावर गेले. जावंसं वाटत नव्हतं, पण घरी दादाकडे बघवतही नव्हतं.

ठिपकेबाईनं उंची पुन्हा बदलली आहे. आता माथ्याचा विचारच नाही. तळ शून्य, आणि तिथून वर सरळ मीटरमध्ये मोजायचं. प्रमाण नाही, ताणणं नाही. पश्चिमेला पाच मीटरवर नोंद संपते, कारण पुढचा गाळ नदीनं नेला. ती जागा रिकामीच ठेवायची. "जे नाही ते नाही," ती म्हणाली. "ते भरायला गेलं की जे आहे तेही जागेवरून हलतं."

बटण दाबलं. पांढरा उठला. दुसरा शब्द नाही माझ्याकडे. तो उतरता कठडा पूर्वेच्या बाजूनं वर आला आणि तळापासून तीन मीटरवर येऊन आडवा झाला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकच पांढरी रेघ. मधले अकराच्या अकरा बोअर तिच्यावर. पूर्वेच्या दोन बोअरमध्ये जी माती धुऊन गेली होती तिची जागाही नेमकी तीच.

किती काळ ते पाणी असं निवळ राहिलं असेल? ना पूर, ना वाळू. फक्त पांढरं, कणाकणानं, वर्षानुवर्षं. आणि मग इतक्या वर्षांनी दोन बायका एका खोलीत बसून ते बघतायत, एकीच्या हातात थंड झालेला चहा. मी तिला म्हटलं, मला उभं राहावंसं वाटतंय. ती म्हणाली, "रहा ना." मी उभी राहिले. तीही राहिली. मग आम्हाला हसू आलं.

माझी चूक मी विसरले होते तेवढा वेळ.

खड्ड्याच्या जागी तिनं हिशेब केला. वर सहा मीटर साधी माती, खाली थर दहा मीटर जाड. माझ्या छेदाप्रमाणे पांढरी माथ्यापासून चार मीटरवर लागायला हवी होती. त्यांनी जवळजवळ पाचपर्यंत खणलं आणि सोडलं. खरी पांढरी सात मीटरवर.

फील्डबुकं परत ठेवताना शेवटच्या वहीत एक पान मिळालं. खड्डा सोडल्यानंतरच्या आठवड्याची तारीख, दादाचं अक्षर. 'पश्चिमेचा माथा कापलेला. तळापासून मोजायला हवं होतं. छेद परत मागवू नये.'

म्हणजे त्याला आठवड्यातच कळलं होतं. मग बोलला का नाही? छेद परत मागवला असता तर सगळं तिथल्या तिथे निस्तरलं असतं. वहिनी गेली त्याच दिवसांत. त्याचं लक्षच उडालं असेल.

ठिपकेबाईनं ते पान दोनदा वाचलं. मग विचारलं, "मावशी, तेव्हा तुम्ही नोकरीत कायम झाला होता?"

"नाही. सहा महिने बाकी होते. का गं?"

"काही नाही," ती म्हणाली आणि चष्मा पुसू लागली.

३ फेब्रुवारी

मॅनेजरसाहेबांनी एका बोअरची परवानगी दिली आहे. जुन्या खड्ड्यापासून पंधरा पावलांवर. ठिपकेबाईनं लिहून दिलं: जमिनीपासून बारा मीटर ऐंशीवर पांढरी, चूकभूल अर्धा मीटर. खाली सही केली. मी तिला म्हटलं, न पाहता सही करू नकोस कधी. "पाहिलंय की आपण," ती म्हणाली.

दादाला अजून सांगितलेलं नाही. कसं सांगायचं?

५ फेब्रुवारी

बोअरचं यंत्र सकाळपासून. मिस्त्री जुन्यांपैकी, दादाला ओळखणारा. "पांढरेसाहेबांच्या बहीण ना तुम्ही? इथे परत कशाला आलात, आधी एकदा तोंड पोळलंय की." वाईट हेतूनं नाही म्हणाला. वजनकाट्यावर दादा त्याला रोज विडी ओढताना पकडायचा म्हणे.

दहा मीटरला पिवळी. अकराला पिवळी, बाराला पिवळी. मिस्त्री माझ्याकडे बघेना. ठिपकेबाई जमिनीवर उकिडवी बसून नखं खात होती. या वेळी मऊ माती धुऊन जाऊ नये म्हणून तिनं पाण्याचा जोर कमी करायला लावला होता, त्यामुळे काम मुंगीच्या पावलानं.

पुढची नळी वर आली. मिस्त्रीनं ती पन्हळीत आडवी केली, ठोकून माती बाहेर काढली. अर्धी पिवळी आणि मग, सुरीनं कापल्यासारखी रेघ, आणि पांढरी. दुधासारखी. तेरा मीटर बरोबर.

मिस्त्रीनं डोक्यावरचं हेल्मेट काढून काखेत धरलं.

त्या पांढरीचा एक तुकडा मी रुमालात बांधून घरी आणला. दादाच्या हातावर ठेवला. त्यानं अंगठ्यानं दाबून पाहिला, नाकाशी नेला, मग जिभेच्या टोकाला लावला. ही माती जिभेला चिकटते. दादा नेहमी असंच तपासून बघायचा. जिभेवरून सोडवायला त्याला जरा वेळ लागला.

"कुठली?"

"पूर्वेची."

तो तुकडा त्यानं रुमालात परत बांधला. गाठ घट्ट मारली. "किती खोल ते नको सांगूस आत्ता," म्हणाला. "आधी चहा टाक."

चहा झाल्यावर सांगितलं. शेऱ्याच्या रकान्याचंही सांगितलं, पान गबाळं दिसत होतं इथपर्यंत सगळं. मला वाटलं होतं तो दचकेल. तो म्हणाला, "समास मात्र छान सोडायचीस तू."

८ फेब्रुवारी

ठिपकेबाई अहवाल घेऊन घरी आली. काकांना वाचून दाखवायचा म्हणाली. तिनं तिसऱ्या पानावर वाचलं: 'पूर्वेकडील थराबाबत तत्कालीन भूवैज्ञानिकांचं अनुमान बरोबर होतं. चाचणीच्या खड्ड्याची खोली ज्या छेदावरून ठरली, त्यात मूळ नोंदींतले शेरे घेतलेले नव्हते. ती चूक आरेखकाची होती, असं आरेखकानं स्वतः कळवलं आहे.'

शेवटचं वाक्य मी घालायला लावलं होतं.

दादा उभा राहिला. खुर्ची मागे पडली. इतक्या वर्षांत त्याला असा रागावलेला मी पाहिला नव्हता. "काढा ते. शेवटचं वाक्य काढा."

"काका, मावशींनीच..."

"मावशीला काय कळतं? छेदावर सही कुणाची आहे? माझी. मी सही केली म्हणजे छेद माझा. त्या वाक्यात हिला आणायचं काही कारण नाही."

"दादा, तू पाहिलाच नव्हतास तो," मी म्हटलं.

"ती माझी चूक. लिहा ती. लिहा, न पाहता सही केली."

"आणि मी शेरे गाळले ते?"

"पंचवीस वर्षांची होतीस," तो म्हणाला. "आणि ते कागद तरी केवढाले, त्यावर सगळं मावणार कसं?"

"मोठा कागद मागायला हवा होता मी."

"कुणी दिला नसता."

"मागायला तर हवा होता ना."

ठिपकेबाई दोघांकडे आळीपाळीनं बघत होती. शेवटी म्हणाली, "दोन्ही लिहिते. चालेल?" दादा म्हणाला, नाही. मी म्हटलं, हो. तिनं लिहिलं. दादा जेवताना माझ्याशी बोलला नाही. ताट मात्र स्वच्छ केलं.

९ फेब्रुवारी

कायम व्हायला सहा महिने बाकी होते. ठिपकेबाईनं ते का विचारलं ते आज सकाळी कपडे वाळत घालताना कळलं. छेद परत मागवला असता तर तो मी काढलेला निघाला असता. हातात त्याचाच सदरा होता. तो तसाच धरून किती वेळ उभी होते कोण जाणे. शेजारणीनं बरं नाही का म्हणून विचारलं.

वजनकाट्यावर रोज त्याचा डबा घेऊन जायचे मी. "आजचा छेद छान झाला का?" अशी तिथे बसून विचारपूस करायचा. अठरा वर्षं.

त्याला यातलं काहीच बोलले नाही. कुठून सुरुवात करायची असते अशा गोष्टीला?

१२ फेब्रुवारी

निर्णय अजून व्हायचा आहे, पण अहवाल वर गेला. मॅनेजरसाहेबांनी काल दादाला फोन केला, 'सर' म्हणाले. दादानं दोनदा "कोण?" विचारलं. ऐकू आलं नव्हतं की पुन्हा ऐकायचं होतं, ते मी विचारलं नाही.

मग आज सकाळी चप्पल घालून दारात उभा. "चल."

"कुठे?"

"खड्ड्याला. चौतीस वर्षांत गेलो नाही."

त्याचा हात धरून नेलं. कडेचं दिसतं म्हणून तो मान वाकडी करून चालतो, पक्ष्यासारखा. गवत गुडघाभर. पायांखाली सहा मीटर साधी माती, मग तो थर, मग कुठेतरी आत ते पांढरं तळं, आडवं, शांत. मी त्याला हे सांगितलं. म्हणाला, "हळू चाल मग. बेडूक उठतील."

खड्ड्यात आता पाणी साचलं आहे. काठावर लव्हाळं. तो काठाशी उभा राहिला आणि मी त्याची बाही घट्ट धरली. मी म्हटलं, "दादा, ती शेवटच्या वहीतली ओळ मी वाचली."

"कुठली?"

"'छेद परत मागवू नये.'"

त्यानं पाण्याकडे मान वळवली. वाऱ्यानं लव्हाळं एका बाजूला झुकलं आणि परत सरळ झालं.

"बोअरमध्ये तेराला लागली म्हणालीस ना?"

"हो. बरोबर तेराला."

"खड्डा दहा नव्वदला सोडला होता. म्हणजे राहिलं किती?"

"दोन मीटर दहा."

तो बोटांवर काहीतरी मोजत राहिला. चेहऱ्यावर हळूहळू नाराजी आली, शाळेतल्या मुलाला एक गुण कमी पडल्यावर येते तशी.

"मी एक पंचाहत्तर धरत होतो," म्हणाला. "काट्यावर बसल्या बसल्या रोज करायचो तो हिशेब. एक पंचाहत्तरच यायचे." पुन्हा बोटं मोजली. "पस्तीस सेंटिमीटर चुकलो गं."

"चालतं रे."

"चालतं काय? ठिपकेबाई वीसच चुकली."

परत येताना फाटकापर्यंत तो त्या पस्तीस सेंटिमीटरबद्दलच बोलत होता. थर तिथे जरा बसला असेल, तळ दाबला गेला असेल, असं. मी हो हो म्हणत त्याचा हात धरून चालत होते. माझे डोळे भरून आले होते, पण समोरचं नीट दिसत नसलं तरी कडेचं त्याला दिसतं, म्हणून मी त्याच्या जरा मागून चालले.